कोन कुठून मोजला?

मी नाशिकला अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. घरी दहावीची मुलेही येतात. माझी मावशी लग्न होऊन काशीला गेली, ब्रह्माघाटाजवळच्या जुन्या मराठी वस्तीत. त्यामुळे काशीचे जाणे-येणे लहानपणापासूनचे. तिच्या घरून घाटाघाटाने दक्षिणेकडे निघाले की दुर्गाघाट, पंचगंगा, भोसले घाट, शिंदे घाट करत माणूस मणिकर्णिकेवर येतो आणि आणखी थोडे चालले की मानमंदिर लागते. या वाटेवर मला त्रिकोणमिती जेवढी उलगडली तेवढी पुस्तकांतूनही उलगडली नव्हती. हाती लागले ते इथे मांडते आहे.

१. कोन किती अंशांचा हे कळून फारसे काही कळत नाही. तो कुठून मोजला हे आधी कळायला हवे.

शिंदे घाट आणि मणिकर्णिका यांच्या सांध्यावर, अगदी पाण्याला लागून, रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात नाही तर गाळात असतो. देऊळ एका अंगाला सुमारे ९ अंश कलले आहे. शेजारचा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधवून घेतला, तोही स्वतःच्या भाराने खचला होता, असा हा काठ. या देवळाचे छायाचित्र मी वर्गात वाटते आणि सांगते, नऊ अंशांचा कल आहे, आकृती काढा. बरीच मुले जमिनीची रेघ मारतात आणि तिच्यावर ९ अंशांचा कोन काढतात. म्हणजे देऊळ जवळजवळ आडवे होते! मग कुणीतरी वहीवर ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ मारतो आणि आकृती ताळ्यावर येते. नऊ अंश ओळंब्यापासून मोजलेले आहेत, जमिनीपासून नव्हेत. एवढे जमले की साइन कुठे आणि कोसाइन कुठे हे विचारावेच लागत नाही.

पुढे जे उत्तर येते त्याने मी स्वतः चकित झाले होते. देवळाची उंची सुमारे १३ मीटर धरा. कळस बाजूला सरकला तो १३ गुणिले साइन ९, म्हणजे २ मीटरहून थोडा जास्त. आणि उंची किती घटली? कोसाइन ९ हे ०.९८८ आहे, म्हणजे घट फक्त १६ सेंटिमीटर. डोळ्यांना इतके कललेले दिसणारे देऊळ उंचीत वीतभरही कमी झालेले नाही. शून्याजवळ साइन झपाट्याने वाढतो आणि कोसाइन हलता हलत नाही, हे आम्ही आलेखावर दरवर्षी काढून दाखवतो. पण इतके डोळ्यांत भरेल असे उदाहरण मला दुसरे मिळालेले नाही.

२. उत्तर आले की ते शेजारी उभे करून पाहावे.

याच देवळाची उंची ७४ मीटर असल्याचे अनेक ठिकाणी छापलेले आढळते, आणि पिसाच्या मनोऱ्याशी तुलनाही केलेली असते. मुलांना मी तो आकडा देते आणि कळस किती सरकेल ते काढायला सांगते. साडेअकरा मीटर येतात. मग छायाचित्र पुन्हा बघायला लावते. मागच्या इमारती, पायऱ्यांवरची माणसे, पुढे बांधलेल्या होड्या. ७४ मीटर म्हणजे वीसेक मजल्यांहून उंच इमारत. ती या चित्रात कुठे बसते? सूत्र न चुकवता चूक उत्तर येऊ शकते, कारण दिलेला आकडाच खोटा असू शकतो. परीक्षेत दिलेल्या आकड्यावर शंका घ्यायला कुणी शिकवत नाही. मला वाटते, ते शिकवले पाहिजे.

३. घाटावर सपाट असे काही नसते.

पाठ्यपुस्तकातला मनोरा नेहमी सपाट जमिनीवर उभा असतो, निरीक्षकाला उंची नसते आणि उन्नत कोन ३०, ४५ किंवा ६० अंशांचाच येतो. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर उभे राहा. पायाखालची पायरी एका उंचीवर, देवळाचा पाया दुसऱ्या, घाट उताराचा. काटकोन कुणी आणून दिलेला नाही, तो आपल्याला शोधायचा आहे. तिथे आडवी म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गंगेचे पाणी. एकदा ते लक्षात आले की पाण्याच्या पातळीपासून स्वतःच्या डोळ्यांची उंची मोजायची, देवळाच्या पायाची मोजायची, आणि मगच कोनमापक हातात घ्यायचा. जवळ जाता येत नसेल तर दोन जागांवरून दोन कोन घ्यायचे आणि मधले अंतर दोरीने मोजायचे. गणित दहावीचेच आहे. आकृती मात्र स्वतः काढावी लागते, आणि माझ्या अनुभवात मुले अडतात ती तिथे. सूत्र पाठ असलेली मुलगीही रिकाम्या कागदापुढे थांबते. म्हणून पहिल्या काही तासिकांना मी फळ्यावर आकृती काढतच नाही. वाक्य वाचते आणि वाट बघते.

४. साइन हे कशाचे तरी असते.

मणिकर्णिकेवर चिता अखंड जळत असतात. लाकडे तोलायचे मोठे काटे उभे असतात, रचलेल्या ओंडक्यांमधून वाट काढावी लागते. अशा जागी गणित आठवणे कुणाला रुचणार नाही. मला तसे वाटत नाही, कारण याच शहरात, आपल्याकडून गेलेल्या घराण्यांतली माणसे आयुष्यभर ज्या आणि कोज्या, म्हणजे आपले साइन आणि कोसाइन, मोजत बसली होती. पयोष्णीकाठच्या दधिग्रामहून गेलेल्या घराण्यातल्या मुनीश्वरांनी १६४६ साली 'सिद्धान्तसार्वभौम' लिहिला. गोदावरीकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या कमलाकरांनी १६५८ साली काशीतच 'सिद्धान्ततत्त्वविवेक' पुरा केला. दोन्ही घराण्यांत पटत नव्हते, एकमेकांच्या मतांचे खंडन चालू असे. पण दोघांनीही एकेका अंशाला ज्या किती ते कोष्टकात मांडले. त्याआधीची आर्यभटांपासूनची रीत पावणेचार अंशांच्या टप्प्यांची, चोवीस ज्यांची होती.

गंमत अशी की या कोष्टकांत ३० अंशांची ज्या वेगवेगळी दिसते. कमलाकर वर्तुळाची त्रिज्या ६० घेतात, तेव्हा ३०. मुनीश्वर १९१ घेतात, तेव्हा साडेपंच्याण्णव. जुन्या कोष्टकात त्रिज्या ३४३८, तेव्हा १७१९. आपण त्रिज्या १ धरतो आणि अर्धा म्हणतो. चौघांचे म्हणणे एकच आहे. मुलांना हे सांगितले की साइन म्हणजे गुणोत्तर, हे वाक्य त्यांच्या तोंडचे राहत नाही, हातचे होते.

आणि ३४३८ च का? वर्तुळाचा परीघ ३६० अंशांचा, म्हणजे २१६०० कलांचा. त्याला दोन पायने भागा, ३४३८ येतात. त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच मापात, कलांत, मोजले आहेत. अकरावीला आम्ही रेडियन शिकवतो तेव्हा मुलांना ते कुठून तरी उपरे आल्यासारखे वाटते. ३४३८ कला म्हणजे ५७ अंश १८ कला, म्हणजेच एक रेडियन. ही कल्पना आपल्या पंचांगकर्त्यांच्या रोजच्या वापरातली होती, हे कळले की मुले सरसावून बसतात. मोबाइलवरच्या गणकयंत्रात साइन ३० दाबून उणे ०.९८८ आले की घाबरतही नाहीत. यंत्राने ३० हे रेडियन धरले, एवढेच. कोन कशात मोजला, हाही कोन कुठून मोजला याचाच भाग आहे.

५. उणे कोन सावलीत दिसतो.

उणे १० अंशांचा कोन म्हणजे काय, असे मुले विचारतात. किरण उलट फिरवला, हे उत्तर बरोबर आहे, पण त्याने कुणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही. त्यापेक्षा अंगणात काठी रोवावी. भर दुपारी, म्हणजे सूर्य दिवसातला सगळ्यात उंच असताना, काठीची सावली ही काठीच्या उंचीला अक्षांश आणि सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून सूर्य किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) यांच्या फरकाच्या टॅनने गुणून येते. नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश. मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सूर्याची क्रांतीही २० होते, फरक शून्य, टॅन शून्य, सावली नाहीशी. हा शून्य सावलीचा दिवस आता शाळाशाळांत पाहिला जातो. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, फरक उणे होतो, आणि सावली दक्षिणेला पडू लागते. २१ जूनला एक मीटरच्या काठीची सावली सहा सेंटिमीटर, पण दक्षिणेला. उणे चिन्ह जमिनीवर दिसते! (ढग आड आले नाहीत तर. आमच्याकडे त्या दिवसांत ती एक अडचण असतेच.)

काशीला हे कधीच दिसत नाही. तिथला अक्षांश २५.३, सूर्याची क्रांती साडेतेवीसच्या आतच थांबते. २१ जूनलाही तिथे मीटरभर काठीची तीन-साडेतीन सेंटिमीटर सावली उत्तरेला पडते.

६. एका समीकरणाला दोन उत्तरे असतात, आणि कधी एकही नसते. दोन्हींना अर्थ असतो.

साइन क्ष बरोबर अर्धा. मुले ३० लिहून मोकळी होतात. १५० विसरू नका असे सांगून ते लक्षात राहत नाही. सूर्य सकाळी एकदा एका उंचीवर येतो आणि उतरताना दुपारी पुन्हा त्याच उंचीवर येतो, हे मात्र कुणी विसरत नाही. शून्य सावलीचेही तेच. सूर्याच्या क्रांतीचे साइन हे सूर्याच्या सायन भोगाच्या, म्हणजे वसंतसंपातापासून तो किती अंश पुढे गेला त्याच्या, साइनला २३.४४ अंशांच्या साइनने गुणून मिळते. नाशिकसाठी क्रांती २० घातली की भोगाचे साइन ०.८६ येते. भोग ५९.३ अंश किंवा १२०.७ अंश. बेरीज १८०. पहिले उत्तर मेच्या विसाव्या तारखेच्या आसपासचे, दुसरे जुलैच्या तेविसाव्या. त्रिकोणमितीतले दुसरे उत्तर दिनदर्शिकेत एवढ्या नेमकेपणाने सापडते, याचे मला अजूनही अप्रूप आहे.

आता काशीचा अक्षांश घाला. भोगाचे साइन १.०७ येते. एकापेक्षा मोठे! वहीत मुले 'उत्तर नाही' असे लिहितात आणि पान उलटतात, काहींना तर आपले काहीतरी चुकले असे वाटून ती पुन्हा आकडेमोड करतात. चुकलेले काही नसते. मणिकर्णिकेवर उभ्या असलेल्या माणसाची सावली भर दुपारी कधीच पूर्ण नाहीशी होत नाही, हेच ते समीकरण सांगत असते.

७. अक्ष नीट निवडला की निम्मे गणित उरतच नाही.

मणिकर्णिकेपासून दक्षिणेला मानमंदिर घाट आहे. मानसिंगाच्या त्या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधयंत्रे उभारली. त्यातले सम्राट यंत्र म्हणजे चुन्या-दगडाचा एक मोठा काटकोन त्रिकोणच. त्याचा कर्ण जमिनीशी काशीच्या अक्षांशाएवढा कोन करतो, म्हणून तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. दोन्ही बाजूंना वर्तुळाचे चतुर्थांश आहेत, ते विषुववृत्ताच्या पातळीत. कर्णाच्या कडेची सावली या कंसांवर पडते, तासाला पंधरा अंश, चार मिनिटांना एक. मी तिथे एका खुणेवर नजर लावून बसले होते. सावलीची कड धारदार नसते, जरा धूसर असते. पण ती सरकते ते एकाच चालीने, आणि ते डोळ्यांनी दिसते.

तोच कर्ण ठेवून तबकडी जमिनीवर आडवी घातली असती तर? मग सावलीच्या कोनाचे टॅन हे अक्षांशाचे साइन गुणिले तासकोनाचे टॅन इतके होते. काशीला मध्यान्हीनंतरच्या पहिल्या तासात सावली साडेसहा अंश फिरली असती आणि चौथ्या ते पाचव्या तासात एकवीस अंशांच्या वर. प्रत्येक खुणेला वेगळे गणित. कंस तिरपा केला आणि हे सगळे गळून पडले. टॅन मात्र कर्णाच्या कडेवर शिल्लक आहे: सूर्याची क्रांती वाचायच्या खुणा तिथे टॅनच्या प्रमाणात दूर दूर होत जातात. उदाहरण सोडवायला बसलेल्या मुलाला मी म्हणते, आधी सांग, अक्ष कुठे ठेवलास?

८. नित्यसमानतांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच आहे. अवघड दिसणारी बाजू आधी घ्यावी, सगळे साइन-कोसाइनमध्ये लिहावे, आणि साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक हे पायथागोरसचेच वाक्य आहे हे विसरू नये. बाकी सराव.

९. कोष्टक पाठ करण्यापेक्षा त्यातले फरक वाचावेत.

चोवीस ज्यांच्या जुन्या कोष्टकात शेजारशेजारच्या ज्यांमधले फरक असे आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५... आणि शेवटी ५१, ३७, २२, ७. हे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते. सुरुवातीला एकाने, दोनाने कमी होणारे, शेवटी चौदा-पंधरांनी कोसळणारे. हे कशासारखे आहे? वर्गात कुणीतरी म्हणतेच, मॅडम, हे तर कोसाइन! साइनचे विकलज कोसाइन हे वाक्य पुस्तकात येण्याआधीच त्यांनी आकड्यांवरून ओळखलेले असते. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाच्या तात्कालिक गतीसाठी हेच नाते वापरले. आणि १८५८ साली त्याकडे इंग्रजीतून लक्ष वेधले ते काशीतल्या एका मराठी शिक्षकाने, बापूदेव शास्त्र्यांनी.

बापूदेवांबद्दल मला फार आपलेपणा वाटतो. १८२१ साली पुण्यात जन्म, मूळ घराणे नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोक्याचे. बीजगणित आणि लीलावती नागपुरात शिकले, पुढे सिहोरला गेले आणि तिथून काशीच्या संस्कृत पाठशाळेत रेखागणित शिकवायला. त्रिकोणमितीवर त्यांनी संस्कृतात लिहिले. मानमंदिरातल्या यंत्रांचे वर्णन लिहिले. कमलाकरांच्या ग्रंथाची परीक्षा करणारे पुस्तकही लिहिले. जुन्यांचा मान ठेवायचा आणि त्यांचे प्रत्येक गणित पुन्हा करून बघायचे, हे दोन्ही एकाच माणसाला जमले. वर्गात पाठ्यपुस्तकातले उत्तर चुकीचे छापलेले सापडते तेव्हा मला त्यांची आठवण होते. मुलांनी ते शोधून काढले की मी ते फळ्यावर, शोधणाऱ्याच्या नावासकट, लिहून ठेवते.

१०. पुन्हा पुन्हा येणारी प्रत्येक गोष्ट साइन नसते.

आवर्ती फल शिकवून झाले की मुलांना सगळीकडे साइनची लाट दिसू लागते. तेव्हा मी त्यांच्यासमोर गंगा ठेवते. दरवर्षी ती वाढते, दरवर्षी उतरते, म्हणजे आवर्ती खरीच. पण पावसाळ्यात ती काही दिवसांत पायऱ्यांमागून पायऱ्या गिळत चढते आणि उतरताना महिनोन्‌महिने गाळ सोडत सावकाश जाते. वाराणसीला धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत गेले होते. पूर आला की मणिकर्णिकेवर चिता वरच्या भागात, गच्चीवर रचाव्या लागतात. या चढउताराला साइनचा सममित डोंगर बसत नाही. दिवसाची लांबी घेतली तर बऱ्यापैकी बसतो: काशीला वर्षातला मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांहून थोडा मोठा, लहानात लहान साडेदहाच्या आसपास, आणि मधली चाल साइनच्या फार जवळची.

गेल्या वर्षी हे दोन आलेख शेजारी काढले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, एक साइन बसत नसेल, तर वेगवेगळ्या मापांच्या पुष्कळ साइन एकमेकींत मिळवल्या तर बसेल का?" अभ्यासक्रमात ते नाही. मी तिला फूरिएचे नाव फळ्यावर लिहून दिले. त्या दिवशी तासिका संपल्यावरही आम्ही दोघी तिथेच थांबलो आणि पहिल्या दोन साइन मिळवून काय दिसते ते आलेखाच्या कागदावर काढत बसलो. दुसरी लाट किती पुढे सरकवायची, यावरच आमचे अडले होते.